गाईला आडवं येऊ द्या

इंदूर

अनंत चतुर्दशीच्या झांकी समितीतल्या सगळ्या कार्यकर्त्यांना सप्रेम नमस्कार.

परवा तुमची दोन मुलं वर्गणीला आली होती. पाचशे एकची पावती फाडली, दिलेला लाडू उभ्याउभ्या संपवला आणि जाताना एक पत्रक हातात ठेवून गेली. पत्रकावर यंदाच्या झांकीचं, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्याचं, चित्र आहे. डावीकडे अहिल्या मातोश्री, डोक्यावर पदर, तळहातावर शिवलिंग. उजवीकडे पिवळा जेसीबी, त्याचा पंजा मोटरवर खाली-वर होणार. मधे आरोपीचं थर्मोकोलचं दुमजली घर, ते दर दोन मिनिटांनी कोसळणार आणि पुन्हा उभं राहणार. वर ठळक अक्षरं : ‘मातोश्रींचा न्याय, तत्काळ न्याय’.

चष्मा पुसून दोनदा वाचलं. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. बैठकीला येऊनही बोलता आलं असतं, पण बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचा मुद्दा खरा ठरतो, आणि माझा आवाज आता बसलाय. शिवाय हे चित्र काही तुमच्या एकट्यांच्या डोक्यातलं नाही, ते गावभर आहे. तर पत्रही गावासमोरच असू दे.

आधी आपल्याच गल्लीची गोष्ट. आडा बाजाराचं नाव आडा बाजार का, हे तुमच्या आज्यांनी तुम्हाला सांगितलं असणार. पण आजी सांगत असते तेव्हा आपलं लक्ष पतंगाकडे असतं. मातोश्रींचे चिरंजीव मालेराव यांचा रथ राजवाड्याकडून भरधाव निघाला आणि एक वासरू चाकाखाली आलं. रथ थांबला नाही. गाय वासराशेजारी बसून राहिली. मागून मातोश्रींची स्वारी आली, त्यांनी विचारलं हे कोणी केलं, तर रस्त्यावर एकाची जीभ उचलेना. त्या तडक वाड्यात गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, आईच्या डोळ्यांदेखत तिचं लेकरू मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? सून म्हणाली, तेच मरण. मग मालेरावांचे हातपाय बांधून त्याच जागी रस्त्यावर निजवलं. रथ हाकायला एकही सारथी तयार होईना, तेव्हा मातोश्रींनी स्वतः लगाम धरला. रथ निघाला आणि तीच गाय आडवी आली. बाजूला केली, पुन्हा आली. शेवटी जुनी माणसं म्हणाली, मातोश्री, आपल्यासारखं दुसऱ्या आईच्या वाट्याला येऊ नये म्हणून ती उभी आहे. रथ मागे फिरला. गाय जिथे अडली, तो आडा बाजार.

ही दंतकथा आहे, हे मलाही ठाऊक आहे. मालेराव १७६६ मध्ये मल्हाररावांच्या पश्चात सुभेदार झाले आणि वर्ष पुरं व्हायच्या आत आजारपणात गेले. तमिळ मुलखात हीच गोष्ट मनुनीती चोळ राजाची म्हणून सांगतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्याचा पुतळा आहे. पण तिकडच्या गोष्टीत राजा मुलाला खरोखरच चिरडतो आणि मग शंकर प्रकट होऊन वासरू आणि राजपुत्र दोघांनाही उठवतो. आपल्या गोष्टीत देवाला यावं लागत नाही. गाय येते. मला वाटतं, माळव्याने या गोष्टीत जी भर घातली ती हीच, आणि तुमच्या पत्रकातून नेमकी तीच गाळली गेली आहे.

मी तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. हिंसा आणि न्याय यांचं नातं काय, यावर प्लेटोपासून सगळे भांडले आहेत आणि मुलांना ते भांडण समजावताना माझी दरवर्षी तारांबळ उडायची. पुढेपुढे मी पहिल्या तासाला आडा बाजारच सांगायला लागले. कारण त्यात सगळं आहे. शिक्षा झाली ती स्वतःच्या पोटच्या पोराला, विरोधी गल्लीतल्या माणसाला नाही. रस्त्यावर निजवला तो एकटा मालेराव. त्याची बायको नाही, त्याचा वाडा नाही. आणि ज्या बाईने शिक्षा फर्मावली तिनेच लगाम हातात घेतला. जेसीबी चालवणारा मात्र रोजंदारीवरचा माणूस असतो, त्याला कुणी विचारत नाही, आणि हुकूम देणारा फोनवर असतो. एवढ्या फरकानंतर दोन्ही चित्रं एकाच गाडीवर बसवायची?

तुमचा सेक्रेटरी (त्याच्या आईची आणि माझी शाळेपासूनची मैत्री, म्हणून एकेरीत) त्या दिवशी ओटल्यावर मला म्हणाला, “काकू, तुम्ही पुस्तकातलं बोलता. कोर्टात आजोबा केस टाकतो आणि नातू तारखा घेतो. लोकांना काहीतरी होताना दिसायला पाहिजे.” मी गप्प बसले, कारण तो खोटं बोलत नव्हता.

आणि त्याचा पुरावा शोधायला इंदूरबाहेर जावं लागत नाही. हुकमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. कामगारांची देणी अडकली. अर्ज, मोर्चे, धरणं, कोर्टाच्या पायऱ्या. २०२३च्या २५ डिसेंबरला २२४ कोटींचा धनादेश निघाला, सुमारे ४,८०० कामगारांसाठी. मधे बत्तीस वर्षं गेली. कितीतरी जण वारले आणि पैसे घ्यायला त्यांच्या बायका किंवा मुलं रांगेत उभी राहिली. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये रचनेतल्या हिंसेची कल्पना मांडली : कुणी हात उगारत नाही, रक्त सांडत नाही, तरी माणसाचं आयुष्य झिजवलं जातं, कारण व्यवस्थेची घडणच तशी असते. वर्गात हे समजावताना मी परदेशातली उदाहरणं द्यायचे. आता लाज वाटते. मिलचं गेट रिक्षाने दहा मिनिटांवर होतं.

याच कामगारांनी पगार बंद असताना, वर्गणी आणि देणग्यांवर, झांक्या काढल्या. माझे वडील एका गिरणीत सांचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी जेल रोडला रात्र रात्र झांक्या पाहिल्या आहेत. (पुण्याच्या नातेवाइकांना झांकी म्हणजे देखावा असं सांगावं लागतं, आणि मग ते आपल्याकडे कीव केल्यासारखं बघतात. त्यांना काय माहीत पहाटे चारला राजवाड्यापुढे काय असतं.) तर अन्याय म्हणजे काय आणि उशीर म्हणजे काय हे या रस्त्याला माहीत आहे. तुमच्या जेसीबीमागे लोकांचा जो राग आहे, तो खराच आहे. मला भांडायचं आहे ते पुढच्या उडीशी. न्याय उशिरा येतो, म्हणून तो मधून काढूनच टाकू आणि नुसता पंजा ठेवू, ही ती उडी.

अशी उडी आपल्याच माणसांनी एकदा मारली होती. आपल्या म्हणजे मराठ्यांच्या, आणि त्यातही होळकरांच्या घराशी संबंध असलेली गोष्ट आहे.

१७७३च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. चौकशीचा धागा काका रघुनाथरावांपर्यंत पोचला, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी गादीवर बसलेल्या त्या माणसाला तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितलं. रामशास्त्र्यांकडे एक शिपाईसुद्धा नव्हता. ते पुणं सोडून गेले. रघुनाथरावांच्या केसाला धक्का लागला नाही. शाळेत आपण या गोष्टीला टाळ्या वाजवतो, पण सेक्रेटरीच्या तोंडून बोलायचं तर त्यात ‘काही होताना’ दिसतच नाही. नुसतं एक वाक्य उच्चारलं गेलं आणि हवेत राहिलं.

आता त्याच पुण्यात अठ्ठावीस वर्षांनी या. गादीवर रघुनाथरावांचाच मुलगा, दुसरा बाजीराव. एप्रिल १८०१. विठोजी होळकर पेशव्यांच्या मुलखात लुटालूट करताना पकडले गेले होते. ते निरपराध नव्हते, हे आधी कबूल करू. पण सुनावणी नाही, रामशास्त्री नाही. बाजीरावांनी त्यांना हत्तीच्या पायाशी बांधलं आणि पुण्यात सर्वांदेखत फरफटवून मारलं. तत्काळ न्याय! बघ्यांमधल्या काहींनी नक्की म्हटलं असेल, बरं झालं, एकदाची अद्दल घडली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. विठोजींचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून गेले, २५ ऑक्टोबर १८०२ला हडपसरला पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांच्या कागदावर सही करून बसले. तिथून १८१८ फार लांब नव्हतं.

हत्तीचा पाय जलद होता, यात वाद नाही. पण त्याला कुणी न्याय म्हणेना. मेलेल्याच्या घरच्यांच्या लेखी तो सूडच होता आणि सूडाची परतफेड सूडानेच होते. पास्काल नावाच्या फ्रेंच विचारवंताचं म्हणणं होतं, बळाशिवाय न्याय लुळा आणि न्यायाशिवाय बळ म्हणजे जुलूम. त्याला मराठी येत असतं तर पहिल्या अर्ध्यासाठी रामशास्त्री आणि दुसऱ्यासाठी बाजीराव असं लिहून मोकळा झाला असता.

याचा अर्थ मी अहिंसेचं कीर्तन लावलंय असा घेऊ नका. दंडाशिवाय राज्य चालत नाही. दंड उचललाच नाही तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे कौटिल्याने सांगितलंय, आणि त्याच ठिकाणी हेही, की कडक दंडाने लोक पेटतात, मऊ दंडाला कुणी विचारत नाही, मान मिळतो तो यथार्ह, म्हणजे अपराधाला साजेशा, दंडाला. माझा सगळा आग्रह त्या यथार्ह शब्दावर आहे. यथार्ह किती, हे ठरवायला कुणीतरी बसून मोजावं लागतं, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, आणि हे मोजणं जेसीबीच्या पंज्याला येत नाही.

इथून तासाभराच्या आत महू आहे. तिथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हाच पेच सोडवलाय. बुद्धाने हिंसा नाकारली, पण अपराध्याला शिक्षा नको असं म्हटलं नाही. बाबासाहेब म्हणतात, ऊर्जा म्हणून बळ वापरणं वेगळं आणि हिंसा म्हणून वापरणं वेगळं. एक वाईट गोष्ट नष्ट करताना तिच्याशी गुंतलेल्या बाकीच्या शक्य तितक्या गोष्टी वाचल्या पाहिजेत, अशा बेताने बळ वापरायचं. आता तुमचं थर्मोकोलचं घर बघा. त्यात आरोपी राहतो, ठीक. पण दुसऱ्या मजल्यावर त्याची म्हातारी आई, तिच्या गोळ्यांचा डबा, बहिणीचं दप्तर, कपाटात घराची कर्जाची कागदं. पंजा एकदा आपटला की हे सगळं एकाच ढिगात जातं. आणि ज्याला शिक्षा करायची तो बहुतेक तेव्हा कोठडीत असतो, म्हणजे घर पडताना घरात नसलेला तो एकटाच!

१३ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन. निकालपत्राच्या सुरुवातीला कवी प्रदीप यांच्या घर-अंगणाच्या ओळी आहेत. प्रदीप आपल्या माळव्याचे, बडनगरचे, हे जाता जाता. न्यायालय म्हणतं, आरोपी आहे एवढ्यावरून घर पाडता येणार नाही, दोषी ठरला तरीही त्या कारणासाठी नाही, कारण ती सगळ्या कुटुंबाला दिलेली सामूहिक शिक्षा होते आणि शिक्षा देणं हे अधिकाऱ्याचं काम नाही. बांधकाम बेकायदा असेल तर किमान १५ दिवसांची नोटीस द्या, म्हणणं ऐका, पाडताना व्हिडिओ करा. हे मोडलं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी यांवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, म्हणजे नगर निगमचे हात बांधलेत अशीही ओरड करायला जागा नाही. निकाल वाचताना मला आडा बाजार दिसत होता. पंधरा दिवस म्हणजे काय? रथापुढे उभी राहिलेली गाय.

यावर तुम्ही हैदराबाद काढणार, मला माहीत आहे. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये एका तरुण पशुवैद्य मुलीवर अत्याचार करून तिला मारलं आणि ६ डिसेंबरच्या पहाटे चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. खरं सांगते, बातमी ऐकली तेव्हा माझ्याही तोंडून ‘सुटली बिचारी’ असंच काहीतरी निघालं. मग सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला, निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर त्याचे अध्यक्ष. २०२२मध्ये अहवाल बाहेर आला. गोळीबार जीव घेण्याच्याच हेतूने झाला होता, पळून जाण्याची गोष्ट टिकत नव्हती, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असं आयोगाला आढळलं. ते चौघे दोषी होते की नव्हते हे आता कधीच ठरणार नाही. त्या मुलीलाही न्याय मिळाला असं म्हणता येत नाही. तिचा खटला उभाच राहिला नाही. फुलं उधळणारे आपण, आपल्याला चार प्रेतं दिली गेली आणि प्रकरण मिटलं असं सांगितलं गेलं.

१९२१मध्ये वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने हिंसेवर एक अवघड निबंध लिहिला. तीस वर्षं शिकवूनही त्यातली शेवटची पानं मला पुरती उलगडलेली नाहीत. पण दोन गोष्टी लख्ख आहेत. एक, कायदा घडवणारी हिंसा असते आणि कायदा टिकवणारी असते, आणि पोलिसांच्या हातात या दोन्हींची सरमिसळ होते : टिकवता टिकवता ते जागच्या जागी नवा कायदा करून मोकळे होतात. दुसरी गोष्ट अशी की मोठ्या गुन्हेगाराबद्दल लोकांना मनातून कौतुक वाटतं. हे वाचताना मला टंट्या मामा आठवला. ४ डिसेंबर १८८९ला जबलपूरला फाशी दिलेला भिल्ल, सरकारदप्तरी डाकू. आणि पातालपाणी स्टेशनला आगगाडी त्याच्या नावाने क्षणभर थांबण्याची रीत पडली. ज्या कायद्याने त्याला लटकवलं तो कुठून आला होता? महिदपूरला होळकरांना हरवणाऱ्या इंग्रजांच्या तोफांमधून, डिसेंबर १८१७. मग ६ जानेवारी १८१८चा मंदसौरचा तह. इंदूरच्या इंग्रज रेसिडेन्सीवर १ जुलै १८५७ला चालून गेलेल्या सआदत खानला सतरा वर्षांनी पकडून फासावर चढवलं, तोही त्याच कायद्याने. म्हणून ‘कायदा’ असं नुसतं म्हणून मी तुम्हाला गप्प करणार नाही. कायद्याच्या मुळाशी बरेचदा रक्त असतं. टंट्या मामाला मानणारी माणसं चुकली असंही मी म्हणणार नाही, कारण त्याच्यापुढे दुसरं दार उघडं नव्हतं.

आपल्यापुढे आहे. बाबासाहेब संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ला हेच बोलले. सनदशीर मार्ग नव्हते तेव्हा बेसनदशीर मार्गांना काही समर्थन होतं, आता ते मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण. त्याच भाषणात त्यांनी बजावलंय, की सामाजिक आणि आर्थिक विषमता अशीच राहिली तर तिची झळ लागलेले लोक हा डोलारा उडवून देतील. आपण पहिलं वाक्य आंदोलकांना ऐकवतो आणि दुसरं कुणालाच ऐकवत नाही. आणि पहिलंही सरकारला ऐकवायचं राहून जातं. गर्दीने घर जाळलं तर अराजक आणि पगारी माणसाने नोटिशीशिवाय पाडलं तर न्याय, असं व्याकरण मला तरी शिकवता आलं नसतं.

आता कामाचं बोलू. पंज्याची मोटर तुम्ही आणली असेल तर वाया जाणार नाही. तीच मोटर रथाच्या चाकाला लावा. चाक चार हात पुढे येतं, थांबतं, मागे जातं. लगाम मातोश्रींच्या हातात. मालेराव जमिनीवर. गाय कागदाच्या लगद्याची करा, थर्मोकोलची नको, लगदा रंग धरतो (वडील असंच करायचे). तिला मोटर लावू नका. मागच्या पडद्यावर आडा बाजाराच्या जुन्या माड्या रंगवा. आर्टिस्टला फोटो लागले तर माझ्याकडे आहेत. आणि ज्या मुलाने ‘तत्काळ न्याय’ची अक्षरं काढली आहेत त्याचं वळण सुंदर आहे, त्यालाच नवी पाटी द्या. मजकूर तुम्ही ठरवा.

पाचशे एक दिलेत ते परत मागत नाही. आणखी लागले तर सांगा. रविवारी सकाळी मी घरी आहे, पोहे करीन, सेक्रेटरीला नकाशा घेऊन पाठवा. त्याला माझ्याशी वाद घालायचा असेल तर दोन तास काढून ये म्हणावं.

तुमची काकू,
आडा बाजारात वाढलेली, राज्यशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका